घाम वाळला पाहिजे

वसंत व्याख्यानमाला हे नाव ऐकावयास गोड आहे. परंतु आमच्या नागपूरकडे वसंत फार दिवस मुक्काम करीत नाही. होळी पेटली की उन्हाळा दाराशी येऊन उभा राहतो, आणि वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर गेला तरी कोणाला त्याचे नवल वाटत नाही. मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला म्हणजे येणारे नऊ दिवस तर आमच्याकडे 'नवतपा' याच नावाने ओळखले जातात. अशा गावात, गिरणीकामगारांच्या वस्तीत माझे बालपण गेले. १९७५ ते १९८५ चा तो काळ. विजेचा पंखा वस्तीत चारपाच घरांत होता आणि कूलर एकाही घरात नव्हता. तरीही आम्ही जगलो, वाढलो, इतकेच नव्हे तर उन्हाळ्याच्या सुटीची वाटही पाहत असू.

हे कसे जमत होते, ते आज मला सांगावयाचे आहे. नुसत्या आठवणी सांगून आपला वेळ घेण्याचा माझा विचार नाही. आठवणी प्रत्येकाजवळ असतात. त्या आठवणींच्या पोटात जे शास्त्र होते ते उकलून पाहावे, आणि त्या शास्त्राचा आजच्या कष्टकऱ्याच्या जिवाशी काय संबंध आहे तो दाखवावा, एवढाच हेतू आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वस्तीतल्या वाचनालयात आणि गिरणीच्या फाटकावर. तेव्हा बोलणे साधेच राहील.

माठाचे गणित

आमच्या आजीचे एक वाक्य ठरलेले होते. उन्हातून खेळून आले की मुले बाहीने कपाळ पुसत. ती म्हणे, "घाम पुसू नको बाप्पा, वाळू दे. सावलीत बस अन् वाळू दे." तिला अक्षर ओळखीचे नव्हते, पण या दोन शब्दांत, 'वाळू दे' यात, उन्हाळ्याचे सगळे शास्त्र आले आहे.

पाण्याची वाफ होते तेव्हा ते पाणी आजूबाजूची उष्णता घेऊन जाते. किती घेऊन जाते, ते आकड्यानेच कळेल. एक ग्रॅम पाणी एका अंशाने गार करावयाचे तर त्यातून एक कॅलरी उष्णता काढावी लागते. परंतु तेच एक ग्रॅम पाणी उन्हाळ्याच्या हवेत वाळून जाते तेव्हा सुमारे ५८० कॅलरी आपल्याबरोबर नेते. आता आपला माठ घ्या. त्यात १० लिटर पाणी आहे आणि ते १० अंशांनी गार करावयाचे आहे. हिशेब केला तर माठाच्या अंगातून पाझरून जेमतेम १७५ ग्रॅम, म्हणजे एक पेलाभर पाणी वाळले की काम होते. बाहेरची उष्णता सारखी आत येत असते म्हणून प्रत्यक्षात याहून जास्त पाणी जाते. पण हिशेबाचे मूळ हेच. पेलाभर पाणी उडून जाते आणि घागरभर पाणी गार करून जाते.

म्हणूनच दर उन्हाळ्यात नवा माठ घेतला जाई. पाण्यातले क्षार वर्षभरात मातीच्या बारीक छिद्रांत बसतात आणि ती बुजतात. मग माठ पाझरत नाही, आणि पाझरत नाही म्हणून गारही करीत नाही. जुना माठ फुटलेला नसतानाही आई दुसरा का आणते, याचे उत्तर हे होते. माठ घडवंचीवर, वाऱ्याच्या वाटेवर ठेवावयाचा, भोवती ओले फडके गुंडाळावयाचे, हे सगळे त्याच एका नियमाचे विस्तार.

घराचेही तसेच. आमचे घर मातीच्या जाड भिंतींचे व कवेलूंचे. जाड भिंतीतून ऊन आत पोचावयास संध्याकाळ होते. तोवर माणसे अंगणात आलेली असतात. म्हणून सकाळी दहाच्या आत दारेखिडक्या लावून घ्यावयाच्या आणि दिवस मावळल्यावर सताड उघडावयाच्या. अंगणात बांबू आणि पऱ्हाटीचा मांडव असे. संध्याकाळी सडा पडला की तापलेली जमीन चरचर वाजे आणि घटकाभरात पायाला सुख लागे. रात्री बाजा बाहेर काढल्या जात. बाज दोरीने विणलेली, तेव्हा खालूनही वारा लागे आणि पाठीचा घाम वाळे. गादीवर निजणाऱ्याला हे सुख नाही. शिवाय कोरड्या व निरभ्र आकाशाखाली जमीन, छप्पर, अंगावरचे पांघरूण, सारेच आपली उष्णता वर आकाशाकडे फेकीत असते. ढग आले की ही वाट अडते आणि रात्र उकडते.

दुपारी बाहेर पडावयाची वेळ आलीच तर डोक्याला व तोंडाला दुपट्टा बांधून, पाणी पिऊन निघावयाचे. खिशात कांदाही ठेवला जाई. खिशातला कांदा ऊन शोषून घेत नाही. काम करतो तो दुपट्टा आणि पोटातले पाणी. कैरीच्या पन्ह्यात मात्र खरा गुण होता. घामाबरोबर शरीरातले मीठ जाते, आणि पन्ह्यात मीठ व गूळ दोन्ही असतात. ताकाचेही तेच.

कोरडी झळ आणि ओली उकड

येथपर्यंतचे ऐकून मुंबईचा माणूस म्हणेल, आमच्याकडे माठ इतका गार होत नाही, मग हे शास्त्र तिथे कुठे जाते? प्रश्न रास्त आहे. पाणी वाळावयाचे तर हवेत त्याला जागा पाहिजे. हवा आधीच ओलाव्याने भरलेली असेल तर पाणी वाळत नाही, आणि वाळत नाही म्हणून गारवा येत नाही.

हे मोजण्याची रीत सोपी आहे. दोन तापमापक शेजारी टांगावयाचे. एकाच्या पाऱ्याच्या गोळीला ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळावयाची, दुसरा कोरडा ठेवावयाचा. ओल्या चिंधीतले पाणी वाळते, म्हणून तो पारा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी, तितका अधिक उतरतो. वाळत्या पाण्याने वस्तू जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल, त्याची ती शेवटची पायरी होय.

आता दोन गावे ताडून पाहा. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कोरडा पारा ४४ अंशांवर आहे आणि हवेत ओलावा शेकडा १५ आहे, असे धरा. ओला पारा सुमारे २३ अंशांवर येतो. मुंबईत कोरडा पारा ३४ वर आणि ओलावा शेकडा ६५ असला तर ओला पारा सुमारे २८ वर अडतो. नागपूर दहा अंशांनी जास्त तापलेले, तरी माठाला आणि घामाला तेथे पाच अंश अधिक खाली उतरावयास वाव आहे. वाळ्याच्या ताट्यांचा किंवा लाकडाच्या भुशाच्या ताट्यांचा कूलर नागपुरात मेमध्ये घर गार करतो आणि जूनमध्ये पाऊस पडला की तोच कूलर घर नुसते दमट करतो, ते याचमुळे.

माणसाचे शरीर हाही एक माठच आहे. आपल्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवावे लागते. काम करताना स्नायू उष्णता निर्माण करतात. ती बाहेर टाकावी लागते. बाहेरची हवाच अंगाहून तप्त असली तर उरते ती घामाचीच वाट. कष्टाच्या कामात माणूस तासाला लिटरभर घाम गाळू शकतो. पण गळलेला घाम कामाचा नाही. वाळलेला घामच कामाचा. ओला पारा ३५ च्या जवळ गेला की निरोगी माणूस सावलीत स्वस्थ बसला तरी घाम त्याला वाचवू शकत नाही. आणि जो ओझे वाहतो, त्याच्यासाठी धोक्याची रेषा याच्या पुष्कळ खाली असते.

सूत आणि माणूस

हे सर्व मला वाचनालयात कळले. पण त्यामागचा प्रश्न मला लहानपणीच पडला होता. वडील एका कापडगिरणीत लूमखात्यात होते. बाहेर रस्त्यावर ४४ अंशांचे ऊन, आणि खात्यात त्याहून कितीतरी कमी. तरी उन्हातून चालत आलेला माणूस माठातले पाणी पिऊन हुशार होई, आणि सावलीत आठ तास काढून आलेले वडील मात्र पिळून काढलेल्या कपड्यासारखे बाजेवर पडत. सावलीत काम करणारा माणूस उन्हातल्या माणसापेक्षा अधिक का थकतो?

उत्तर सुतात होते. कापसाचे सूत कोरड्या हवेत तुटते, ओलाव्यात मजबूत होते. इंग्लंडात सूतगिरण्या लँकेशायरमध्ये वाढल्या त्याचे एक कारण तिथली दमट हवा. नागपूरला १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली ती कापूस जवळ म्हणून. पण हवा सुताच्या विरुद्ध. म्हणून अशा ठिकाणी हवेत यंत्राने पाण्याचे तुषार सोडावे लागतात. लूमखात्यात ओलावा शेकडा ८० च्या घरात ठेवला जातो. आता ओल्या पाऱ्याचा हिशेब करा. खात्यात ३५ अंश आणि ओलावा शेकडा ८०, म्हणजे ओला पारा सुमारे ३२. बाहेर रणरणत्या उन्हात तो २३. माझे कोडे येथे सुटले. सुताला जी हवा मानवते, ती माणसाला मानवत नाही. सूत ओलावा पिऊन बळकट होते, आणि माणसाचा घाम वाळत नाही म्हणून माणूस खचतो.

यात विणकराची दुहेरी कोंडी होती, तीही सांगितली पाहिजे. त्याची मजुरी विणलेल्या मालावर. सूत तुटले की साचा थांबे आणि मजुरी बुडे. तेव्हा ओलावा कमी करा असे म्हणावे तर पोटावर पाय, आणि न म्हणावे तर छातीवर. मालक व कामगार यांच्यातला झगडा नेहमी सरळ रेषेत चालत नाही; पुष्कळदा तो कामगाराच्या स्वतःच्या आत चाललेला असतो.

लँकेशायरच्या विणकरांनी हा प्रश्न आमच्याआधी शंभर वर्षे उचलला होता. खात्यात वाफ सोडण्याविरुद्ध त्यांनी चळवळ केली, आणि १८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटने कापडगिरण्यांचा कायदा करून ओलाव्यावर मर्यादा घातली. पुढे १९०५ साली जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, उष्ण जागी माणूस किती तग धरील हे कोरड्या पाऱ्यावरून नव्हे, तर ओल्या पाऱ्यावरून ठरते. पुढे भारतात येऊन येथले नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांचे हे वडील. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात कृत्रिम ओलाव्याला कलम १५ दिले गेले आणि त्यासाठी वापरावयाचे पाणी पिण्याच्या दर्जाचे असावे असे ठरले. कलम १८ ने अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून देणे बंधनकारक केले. वाचताना ही कलमे रुक्ष वाटतात. पण माठ आणि दोन तापमापक यांनाच तेथे कायद्याची भाषा मिळाली आहे. हा कायदा आता २०२० साली संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे. कायद्याचे नाव बदलले तरी घामाचा नियम बदलत नाही.

गारवा कोणाच्या कष्टाने?

आमच्या बालपणाच्या गारव्याचे गुणगान करताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. माठ आपोआप भरत नव्हता, सडा आपोआप पडत नव्हता. नळाला पाणी पहाटे चारला येई. आई आणि आजी रांगेत उभ्या राहून घागरी भरीत. मुलांना गार पाणी मिळावे म्हणून त्यांची झोप मोडलेली असे.

हे घरातले, समाजातही तेच. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीला जाई. जे साहेब नागपुरात राहत त्यांच्या बंगल्यावर वाळ्याच्या ताट्या लागत, आणि आत छताला पंखा टांगलेला असे. ताटीवर पाणी मारणारा माणूस बाहेर उन्हात, आणि पंख्याची दोरी ओढणारा माणूस व्हरांड्यात. साहेबाचा घाम वाळावा म्हणून दुसऱ्या दोघांचा गळत असे. आज दोरी ओढणारा गेला आणि वातानुकूलन आले. पण ते यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ती आतून काढून, त्यात विजेची भर घालून, गल्लीत टाकते. गल्लीत उभा असतो तो भाजीवाला, रखवालदार आणि जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. रुग्णालयात ते हवेच. परंतु कोणाच्याही गारव्याचा हिशेब मांडताना त्याची किंमत कोण मोजतो, हा रकाना कोरा ठेवून चालणार नाही.

आज काय मागावे?

नागपुरातल्या जुन्या कापडगिरण्या बंद पडल्या. त्यांतल्या कामगारांची मुले-नातवंडे आज बांधकामावर, वीटभट्टीवर, टिनाच्या शेडमध्ये, गोदामात आणि मोटारसायकलवर पाठीशी पेटी बांधून काम करताना दिसतात. कवेलूच्या फटींतून वारा खेळे. टिनाचे छप्पर तापून खाली आग ओकते. गिरणीला निदान फाटक होते आणि फाटकाशी संघटना उभी राहू शके. आता बहुतेकांचा कारखाना म्हणजे रस्ता.

अहमदाबादेत मे २०१० च्या उष्म्याने फार माणसे गेली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्म्याशी मुकाबला करण्याची योजना आखली. आधी इशारा द्यावा, दवाखाने सज्ज ठेवावेत, पाण्याची सोय करावी, असे तिचे स्वरूप. पुढे इतर शहरांनीही तसे केले, नागपूरही त्यात आहे. हे स्वागतार्ह आहे. मात्र 'दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका' हा उपदेश ज्याची चूल रोजच्या रोजीवर पेटते त्याला करून काय उपयोग? त्याला उपदेश नको, तास बदलून हवेत.

सावली, वारा, पाणी आणि विसावा या चार गोष्टींनी गारवा होतो. आम्हा मुलांना चारही मिळत. मजुराला पहिल्या तीन कशाबशा मिळतात; चौथी मिळत नाही, कारण विसाव्याचे पैसे कापले जातात. नगावर मजुरी घेणारा विणकर आणि फेरीवर पैसे घेणारा आजचा पोरगा, दोघांचे दुखणे एकच. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शेडमध्ये दोन तापमापक टांगलेले असावेत आणि त्यांचे आकडे कामगाराला वाचता यावेत. उन्हाळ्यात जड काम पहाटे व संध्याकाळी असावे. शाळा सकाळची होऊ शकते, तर बांधकाम का नाही? गार पाणी हाताशी असावे, आणि ते प्यावयास तहान लागण्याची वाट पाहावी लागू नये, कारण तहान उशिरा लागते. सावलीतल्या विसाव्याची मजुरी कापली जाऊ नये. आणि नव्या माणसाला, तसेच महिनाभर गावी जाऊन परतलेल्याला, पहिले आठ-दहा दिवस हलके काम द्यावे. शरीराला उन्हाची सवय व्हावयास तेवढे दिवस लागतात आणि उष्माघाताचे बळी बहुधा त्याच दिवसांत पडतात.

एक गोष्ट तर आजच लक्षात ठेवण्यासारखी आहे. उन्हात काम करणारा माणूस भलतेच बोलू लागला, चालताना झोकांडू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो दारू प्यालेला आहे असे समजून पुढे जाऊ नका. घाम येत असला तरी उष्माघात होऊ शकतो. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब रुग्णालयात पोचवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. येथेही नियम माठाचाच आहे. पाणी आणि वारा.

ऊन सगळ्यांवर सारखेच पडते असे म्हणतात. ऊन सारखे पडत असेल. सावली सारखी वाटली जात नाही. ती वाटून घेणे माणसांच्या हातचे आहे. कष्टकरी माणसाला घाम गाळण्याची लाज कधीच वाटली नाही. तो एवढेच म्हणतो की, गाळलेला घाम वाळेल इतकी उसंत मला द्या. ही मागणी दयेची नाही, हक्काची आहे. आणि ती पुरी करावयास एखादे मोठे यंत्र लागत नाही, फक्त घड्याळ आणि हिशेबाची वही यांत थोडा बदल करावा लागतो.